शिडावरचा उजेड

फोन आला तेव्हा मी जेवत होतो. फोन ठेवल्यावर उरलेलं जेवलो, ताट उचललं, हात धुतले, आणि मग बायकोला सांगितलं की माझा दोस्त देवराम गेला. ती रडायला लागली. मी चपला शोधत राहिलो, त्या पायातच होत्या. दोन महिने होत आले या गोष्टीला, पण अजून मला नीट रडू आलेलं नाही. भंडाऱ्यात माझं बॅटरीचं दुकान आहे. सकाळी शटर वर करतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, संध्याकाळी शटर खाली ओढतो. सगळं होऊन जातं. फक्त एक गोष्ट त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सांगायची राहिली होती, आणि ती सांगायला माझे पाय कारध्याकडे वळत नव्हते.

देवरामनं उभा जन्म चिखल्याच्या खाणीत काढला, पण जमिनीच्या वरच. तो दिव्यांच्या खोलीत होता. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला भरलेला टोपीदिवा द्यायचा, वर आला की परत घेऊन चार्जिंगला लावायचा. खुंटीवर दिवा परत आला नाही, म्हणजे माणूस अजून खाली आहे. आपली पाळी संपली तरी शेवटचा दिवा हातात आल्याशिवाय हा गडी घरी जायचा नाही. निवृत्त झाल्यावर कारध्याला वैनगंगेच्या काठी येऊन राहिला आणि तिथं त्याला शिडाच्या होडीचं खूळ लागलं. मासे धरणाऱ्या एका ढिवराकडून जुना फायबरचा डोंगा घेतला, बांबूची डोलकाठी उभी केली. वहिनींनी मंडपाच्या पांढऱ्या कापडाचं शीड मशीनवर शिवून दिलं. गाव हसलं. मीही हसलो, म्हटलं, "मोटर बसव ना बाप्पा, कायले वाऱ्याच्या मागं लागतं?" त्याला आवाज नको होता. खाणीतल्या पंख्यांचा आवाज त्यानं पुरेसा ऐकला होता.

पण आवाज नाही, हीच अडचण झाली. धरणामुळे पाणी आता खूप पसरलंय, आणि दिवस मावळता मावळता मासेमारीचे मोटरवाले डोंगे जोरात परततात. त्यांना हा ऐकू येईना, अंधारात दिसेना. म्हणून माझ्याकडे आला. मी त्याला पिस्तुलासारखा हातात धरायचा सर्चलाइट दिला, पंचावन्न वॅटचा, आणि बारा व्होल्टची लहान सीलबंद बॅटरी. तार मात्र दुकानात पडलेली, बारीक आणि लांबलचक. दुसऱ्याच दिवशी देवरामसाहेब मीटर घेऊन हजर. बॅटरीपाशी बारा, दिव्यापाशी जेमतेम दहा... उजेड पिवळा पडत होता, तार तापत होती. बॅटरीवाला मी आणि माझी चूक काढली यानं, तीही गिऱ्हाइकांसमोर! मुकाट्यानं जाड आणि आखूड तार जोडून दिली, बॅटरीलगत फ्यूज टाकला. त्यानं बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवली, डबा होडीच्या मधोमध खाली सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधला. तारेच्या चिमट्यांना व्हॅसलीन लावायचा. दर शनिवारी बॅटरी पिशवीत घालून चार्जिंगला आणायचा आणि भरेपर्यंत माझं डोकं खात बसायचा. मी म्हणायचो, आता चार्जिंगच्या एलईडी बत्त्या मिळतात, त्या घे. तो नाही म्हणायचा. त्यांच्या पोटात किती उरलंय ते मीटर लावून कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

दिवा वापरायची त्याची रीत ठरलेली होती. समोरच्यावर कधी मारायचा नाही. "दुसऱ्याच्या डोऱ्यात मारला तर तो आंधळा होते," तो मला म्हणाला होता, "आपल्या शिडावर मारला तर आपण त्याले दिसतो." डोंगा जवळ आला की स्वतःच्या शिडावर उजेड टाकायचा, पाच मोजायचे, बंद. काळ्या पाण्यावर तेवढं पांढरं कापड एकदम उजळायचं आणि विझायचं. कारध्याच्या पुलावरून मी कित्येकदा पाहिलंय.

त्या संध्याकाळीही पुलावरच होतो, रोजच्यासारखा फिरायला आलेलो. शीड उजळलं. सवयीनं मी मोजलं. पाच झाले, वीस झाले, उजेड जाईना. मला राग आला. सकाळीच मी ती बॅटरी पूर्ण भरून दिली होती, आणि हा कुणाला तरी होडी दाखवायच्या नादात ती खलास करून राहिला! अशी पार उतरवली की बॅटरी मरते, हे त्याला काय मी सांगायचं? उद्या दुकानात आला की पाहतो, असं ठरवून मी घरी गेलो. पुढं जाळी पाहायला निघालेल्या ढिवराला तो होडीत पडलेला सापडला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. सर्चलाइटचं बटण दाबून लॉक केलेलं होतं आणि दिव्यात निखाऱ्याएवढी लाली उरली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या दिव्यांची वाट पाहत बसला हा माणूस, आणि त्याचा दिवा पाहून मी घरी निघून गेलो.

तेरवीला माणसं फार होती, बोलणं झालं नाही. परवा शेवटी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की मी पुलावर होतो, उजेड पाहिला, आणि निघून गेलो. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"मीबी पायला, भाऊजी. खिडकीतून," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माह्यं शीड दाखवून राहिले लोकाइले."

मी खाली बसलो. त्यांनी विचारलं, ती बॅटरी एकसारखी जाळली तर किती वेळ चालते. भरलेली बॅटरी तासभर जाते, हे माझ्या दुकानात कुणीही सांगेल. मी म्हणालो, दहा मिनिटं, वहिनी. फार तर दहा.

त्या निवडत राहिल्या.

"भात टाकला तवा लागला होता," त्या म्हणाल्या. "भात उतरवला, भाजी झाली, पोळ्या झाल्या... तरी दिसूनच राहिला होता."

मी मान हलवली. माझ्या हिशोबानंही तेवढंच, तासभर, येत होतं.