खोक्यावर उंदीर लिहिलं होतं

देवणीजवळच्या एका खेड्यात एका मावशींच्या गाईला दगडी झाली होती. कास सुजून टणक झालेली. पीएचडीसाठी मला त्या दुधातले जंतू हवे होते. मावशींनी आचळ पिळलं, तशा पिवळट गाठी आणि रक्ताचे धागे माझ्या बाटलीत पडले. वासानं मी तोंड फिरवलं.

"तीन डाव इंजेक्शन झालं, पर फरक न्हाई," मावशी म्हणाल्या. "औषध का लागू पडंना, ते कळंल का तुमच्यात?"

"कळेल की," मी म्हणाले.

नांदेडला प्रयोगशाळेत ते जंतू मी दुधातच वाढवले. निम्म्या नळ्यांत तेच औषध घातलं. कित्येक दिवस ओढणीला नासक्या दुधाचा वास येत होता. औषध समोर आल्यावर जंतू कोणती जनुकं चालू करतात, ते त्यांच्या आरएनएवरून कळणार होतं. पण पेशीतला बहुतेक आरएनए रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा असतो. जनुकांचे निरोप त्यात चिमूटभर. म्हणून तपासणीला पाठवण्याआधी तो रायबोसोमचा गाळ काढावा लागतो. त्याला नेमके चिकटणारे, चुंबकी कण लावलेले डीएनएचे छोटे तुकडे सोडायचे आणि लोहचुंबकानं गाळासकट ओढून घ्यायचे.

फ्रीजमध्ये जुन्या प्रकल्पातलं असा गाळ काढायचं एक किट पडून होतं. खोक्यावर माणूस आणि उंदीर लिहिलेलं. जंतूंचा रायबोसोम वेगळा, हे तुकडे त्याला धरणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. गाइड सर म्हणाले, "आहे ते वापर." मी वापरलं.

निकालात जवळजवळ सगळा रायबोसोमच आला. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "उरलंय त्यावर पेपर लिही. रायबोसोमल आरएनए काढला, एवढंच टाक. किट कुठलं, कोण विचारतंय?"

मी ते वाक्य लिहिलं. लिहून वाचलं, आणि त्या बाटलीपेक्षा जास्त किळस मला माझीच आली.

पुढच्या आठवड्यात आणखी नमुना घ्यायला गेले. मावशींनी हात धुवायला गरम पाणी दिलं, दुसऱ्या गाईच्या दुधाचा चहा केला.

"मग, कळलं का काही?"

"चालू आहे," मी म्हणाले. चहा अर्धाच ठेवून नमुन्याची बाटली उचलली.

परतल्यावर सरांना सांगितलं, मी हा पेपर पाठवणार नाही. सर मोबाइलमध्ये बघतच म्हणाले, "मग तुझं तू बघ."

लातूरच्या एका कॉलेजातल्या मॅडमकडे जंतूंसाठीचे तुकडे होते. त्यांच्या टेबलावर सगळं नव्यानं केलं. या वेळी गाळ निघाला आणि जनुकं स्वच्छ दिसली. औषध पेशीबाहेर फेकणारे पंप हे जंतू जोरात चालवत होते. मी मावशींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. एक आचळ तर गेलंच तिचं."

प्रबंधात मी उंदराच्या किटच्या चुकीचा परिच्छेद घातला. सर काढ म्हणाले, मी काढला नाही. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांना नेमका तोच आवडला.

सर हसून म्हणाले, "मीच सांगितलं होतं हिला. चूक झाली तर लपवायची नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी "हो सर" म्हणाले.