बोटं नाही म्हणाली तर

माझ्या थोरल्या भावाचा कुणावरच विश्वास नाही. सीलबंद डब्यातलं ऑइलसुद्धा तो आधी हुंगतो, मग चिमटीत चोळतो, आणि मग दुकानदाराकडे असं बघतो की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण खरंच काहीतरी मिसळलंय. लग्न ठरायच्या आधी त्यानं होणाऱ्या सासऱ्यांची स्कूटर सुरू करून ऐकली होती. "गाडी अशी ठेवणारा माणूस मुलीबद्दल खोटं बोलणार नाही," म्हणाला आणि होकार दिला. वहिनी अजून हे येईल त्याला सांगते. रागाने सांगते की कौतुकाने, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

दादाचं गॅरेज एका गाळ्याचं. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुणी उचलला तर रिकामी जागा चुगली करेल. कामाची पद्धतही तशीच. कुठलाही नवा जोड बसवताना तो मान वळवतो, डोळे मिटतो आणि नुसत्या बोटांनी आटे फिरवतो. निदान तीन आटे बोटांनी गेले पाहिजेत. "पान्याला फक्त जोर कळतो," तो म्हणतो. "बोटं नाही म्हणाली तर पाना हातात घ्यायचा नाही." ह्या एका वाक्यावर त्याचा संसार उभा राहिला, हे मी त्याची बहीण असूनही कबूल करते.

मी भाड्याची गाडी चालवते. डोंगरावरच्या हॉस्पिटलच्या नर्सेसना रोज वर नेणं-आणणं, असं बांधलेलं काम मला मिळत होतं. अडचण एकच. भरलेली गाडी शेवटच्या चढावर पोचली की ऑइल तापून पातळ व्हायचं आणि स्टीअरिंगसमोरचा ऑइलचा लाल दिवा लागायचा. हॉस्पिटलच्या माणसानं तो दिवा बघितला आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, महिनाअखेरपर्यंत हा दिवा बंद झाला तर काम तुमचं. नाहीतर दुसरा ड्रायव्हर तयार आहे."

दुसरा ड्रायव्हर म्हणजे लोणी. खरं नाव सगळे विसरलेत. बोलणं इतकं गुळगुळीत की भांडायला गेलेला माणूस त्याच्याकडे चहा पिऊन परत येतो.

दादा म्हणाला, ऑइल कूलर बसवू. समोर जाळीमागे एक छोटा रेडिएटर, इंजिनातलं ऑइल नळीनं तिथं जाणार, वाऱ्यावर थंड होऊन परत येणार. त्यासाठी ऑइल फिल्टरखाली एक चकती बसते. चकतीला दोन भोकं, कूलरला दोन, म्हणजे एकूण चार जोड. खोच एवढीच, की चकतीचे आटे एम.एम.चे आणि कूलरचे इंची. दिसायला सख्खी भावंडं. एकाचा जोड दुसऱ्यात घातला तर थोडा आत जातो आणि अडतो. तेव्हा पाना लावून जबरदस्ती केली तर घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि ऐन चढावर, गरम ऑइलच्या दाबानं, सुटतो. मग इंजिन गेलंच, आणि उतारावर असाल तर इंजिनाबरोबर आणखी काय काय जाईल ते सांगता येत नाही.

पहिली चकती दादानं नाकारली आणि दुसरी आणायला सांगितली. "दुकानदारानं सडकी दिली. ही मी परत करतो." मी दुसरी आणली. सरळ जोड नको, नळी पंख्याला घासेल, म्हणाला. पटलं, वाकडे आणले. ही नळी पाण्याची आहे, ऑइलनं कुजेल, म्हणाला. तेही पटलं. पण त्यानंतर जे सुरू झालं ते मला पटेना. जोड हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, बराच वेळ फिरवत बसायचं, आणि डब्यात टाकायचा. "नको. आटे बरोबर नाहीत." दुसरा आणला. "नको." तिसऱ्या दुकानातून आणला. "नको." महिना संपत आला आणि माझी गाडी बॉनेट उघडं टाकून तशीच उभी.

माझ्या मनात पाल चुकचुकली. संशय आमच्या रक्तातच आहे, फक्त मी तो जरा उशिरा वापरते.

एकदा शंका आली की सगळंच दिसायला लागतं. मी घरात शिरले की दादा आणि वहिनी बोलता बोलता थांबायचे. गॅरेजमध्ये सगळ्यांसोबत चहा पिणारा माणूस आता "नको, घरी घेईन" म्हणायला लागला होता. दुपारी धुतलेला शर्ट घालून कुठेतरी जायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "काम होतं." आणि मग एका दुपारी मी डोळ्यांनी बघितलं, दादा लोणीच्या गाडीतून उतरत होता. लोणीनं पुढे होऊन दार उघडून दिलं. दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे सख्खा भाऊ माझी गाडी मुद्दाम अडवून धरतोय, आणि काम जाणार लोणीच्या घशात. का, तर बाईनं डोंगर चढू नये असं ह्याला आधीपासूनच वाटतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी डब्यातले नाकारलेले जोड उचलून मी दुकानदारासमोर आपटले. त्यानं एकेक घेऊन जोडीच्या नटात टाकला. दोन बोटांनी फिरवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"ताई, ह्यात खोट नाही," तो म्हणाला. "राग मानू नका, पण हल्ली तुमचे दादा सगळ्यांचाच माल परत पाठवतात."

मी तशीच गॅरेजवर गेले. वहिनी डबा घेऊन आलेली होती. तिच्यादेखत एक जोड चकतीत घातला आणि फिरवला. सरळ आत गेला.

"आता बोल," मी म्हणाले. "लोणीनं तुला काय कबूल केलंय?"

दादानं आधी जोडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गेला?" त्यानं विचारलं. "खरंच गेला?"

हे मला अपेक्षित नव्हतं.

वहिनीनं डबा खाली ठेवला. "त्यांना कळत नाही गं," ती म्हणाली. "साखरेच्या आजारानं बोटांतली जाणीव गेलीये. शर्टाची बटणंसुद्धा मी लावते. चहाचा ग्लास दोनदा पडला हातातून. डॉक्टरकडे लोणीभाऊ घेऊन जातात, तुझी गाडी बंद म्हणून."

दादानं बाकाखालून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. पहिली चकती. सडकी म्हणून परत करायची होती ती. तिच्या भोकातले आटे पार चेचले होते.

"दुकानदाराचा दोष नव्हता," तो म्हणाला. "कूलरचा जोड ह्यात घातला मी. मला वाटलं, बोटं हो म्हणाली. मग पाना लावला. काढून बघितलं म्हणून कळलं. बघितलं नसतं तर तू तो घेऊन डोंगर चढली असतीस, मागे चार पोरी बसवून. तेव्हापासून सगळ्यालाच नको म्हणतो. नको म्हटल्यानं कुणी मरत नाही."

मला त्याचा राग आला, स्वतःचाही आला, आणि रडूही आलं. ह्या माणसानं जगावर संशय घेतला तेव्हा मी हसले होते. आता तो स्वतःच्या हातांवर संशय घेत होता आणि ते हात तर त्याच्याच अंगाला होते, परत कुणाला करणार?

"सरक," मी म्हणाले. "मी फिरवते. तू सांग."

"मान वळव," तो म्हणाला. "डोळे मीट. बघून फिरवशील तर डोळे फसवतात."

पहिला गेला. दुसरा त्यानं निवडून माझ्या हातात दिला. थोडासा गेला आणि थांबला. मी जोर केला नाही.

"अडतंय."

"नक्की?"

"बोटं नाही म्हणतात, दादा."

मी डोळे उघडले. त्यानं चुकून कूलरचा जोड दिला होता. त्यानं पाना घ्यायला निघालेला हात मागे घेतला. मग योग्य जोड मी माझा मीच निवडला. उरलेलेही बसवले आणि शेवटी दोन पाने लावून, एकानं धरून दुसऱ्यानं आवळले.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी हवी म्हणून वहिनीला आणि लोणीला मागे बसवलं. लोणी एकटाच दोघांच्या वजनाचा आहे, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. मी माफी वगैरे मागितली नाही, पण वाटेत त्याला चहा पाजला. दादा माझ्या शेजारी बसून सगळा चढ त्या दिव्याकडे टक लावून होता. दिवा लागला नाही. हॉस्पिटलचा माणूस फाटकात उभा होता, त्यानं खिडकीतून आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "एक तारखेला या."

गाडी थांबल्या थांबल्या दादा खाली वाकला. सवयीनं एकेका जोडाखालून बोट फिरवत गेला. चौथ्यापाशी थांबला, बोट बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बघ गं," तो म्हणाला, "ओलं आहे का?"

कोरडं होतं. तरी मी ते माझ्या चिमटीत धरून पुन्हा बघितलं.