महिपतीच्या नावाचे रांजण

त्या हिरव्या रंगापायी मथुराबाईचं डोकं उठलं ते उठलंच.

शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर कडुलिंबाखाली तिची पाणपोई. नवरा गेल्यावर माढ्याहून सोलापुरात आली तेव्हापासून, चौदा उन्हाळे, तिनं तीन रांजण भरले. गिरणीतली माणसं दुपारच्या सुट्टीत वाट वाकडी करून यायची, पाणी पिऊन "मावशी, जीव थंड झाला" म्हणायची. बाईला तेवढंच हवं असायचं. दुसरं तिच्या पदरी होतं तरी काय?

आणि मग हा बाळू. गिरणीच्या महिपती पहारेकऱ्याचा पोरगा, कचेरीत कारकून झाल्यापासून बाळासाहेब. बाप हिवाळ्यात वारला, त्याच्या नावानं पाणपोईला काहीतरी करायचं त्याच्या मनात आलं. करायचं तर छप्पर घालावं, बाकडं द्यावं! पण नाही. रांजण पाझरतात, खाली चिखल होतो, चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणे. बाई करमाळ्याला बहिणीकडं गेलेली बघून शहाण्यानं तिन्ही रांजणांना हिरवा तेलरंग फासला आणि वर पांढऱ्या अक्षरांत बापाचं नाव घातलं.

चैत्र तापला आणि व्हायचं तेच झालं. रांजण बाहेरून खडखडीत कोरडे, आत पाणी न्हाणीतल्यासारखं कोमट. एकानं तर घोट घेऊन चूळच टाकली. आठवड्याभरात चार माणसं यायची मारामार. बाईनं विटेच्या तुकड्यानं रंग खरवडून पाहिला, पण तेल मातीत मुरलेलं. चौदा वर्षांची पुण्याई डबाभर रंगानं बुडवली मेल्यानं!

शेवटी तिनं बाळूला भर दुपारी बोलावून तांब्या पुढं केला. त्यानं तोंड वाकडं केलं. मग उन्हाला बोल लावला, आडाच्या पाण्याला लावला. बाई आतून धुमसत होती.

"ऊन दरसालचंच हाय," ती म्हणाली. "घामेजून वाऱ्याला उभं राहिलं की अंग गार पडतं न्हवं? घाम वाळताना अंगातली ऊब घेऊन जातो. रांजणाचंबी तसंच. तू त्याचा घामच कोंडलास."

बाळूनं मान डोलावली. मग म्हणतो कसा, रांजण बदलू, पण नव्यांवर नाव तेवढं रंगवू. आता काय म्हणावं ह्याला! बाईनं कपाळाला हात लावला.

"बाळू, तुझा बाप रोज हितं थांबायचा. शेवटच्या दुखण्यात त्यानं ह्याच रांजणातलं पाणी मागवलं. नाव कुणाचं, ते कधी इचारलं न्हाई."

बाळूनं तांब्या खाली ठेवला. मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्यातून तीन कोरे रांजण आले. तिसऱ्या दुपारी त्यांच्या अंगावर ओल फुटली. बाळू कचेरीतून परस्पर आला, तांब्याभर पाणी एका दमात प्यायला, डोळे पुसले, आणि त्याच रुमालानं रांजण पुसायला लागला.

"अरं, त्याला पुसू नको," मथुराबाई करवादली. "पाझरू दे."