अव्वासाठी काढलेली खोली

आमच्या गल्लीतला रुद्रप्पा गवंडी माळवदासाठी नावाजलेला. सोलापूरचा उन्हाळा सोसायचा तर घरावर जाड मातीचं सपाट माळवदच हवं, आणि ते घालावं रुद्रप्पानंच, असं लोक म्हणायचे. तो स्वतः मात्र बायको, पोरं आणि अव्वा, म्हणजे आई गंगम्मा, यांच्यासह एका खोलीत राहायचा. दोन्हीकडं शेजाऱ्यांच्या भिंती, पुढं गटार. खिळा ठोकला तरी शेजारी भांडायला यायचा.

त्र्याहत्तर साली, दुष्काळाच्या ऐन उन्हाळ्यात, धाकट्या बहिणीनं, निंगव्वानं, त्याला बोलावून घेतलं. तिचा नवरा ईश्वरप्पा एस.टी.त मेकॅनिक. दापोलीला बदली झाल्यावर त्यानं समुद्राजवळ घर घेतलं होतं. घर म्हणजे दोनच कौलारू खोल्या. पण परसात विहीर, नारळाची झाडं आणि पूर्वेला मोकळी जागा, हवं तेवढं वाढवावं अशी. ती बघितली आणि रुद्रप्पाच्या पोटात दुखायला लागलं. इकडं आमच्या बायका टँकरपुढं एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि तिकडं हा मेव्हणा नारळांना पोहऱ्यानं पाणी घालत होता.

"अण्णा, सोलापूरच्या धुरळ्यानं अव्वाला दम लागतो," निंगव्वा म्हणाली. "तिच्यासाठी हितं एक खोली काढायची हाय. तूच बांध की."

आई लेकीकडं जाऊन राहिली तर लोक मुलाच्या तोंडात शेण घालतात. रुद्रप्पा मनातून पेटला. एवढी जागा यांना, एवढं पाणी यांना, आणि आता अव्वाही यांनाच? पण अव्वाची खोली दुसऱ्या कुणी गवंड्यानं बांधावी हेही त्याला बघवेना. मग त्यानं ठरवलं, बांधायचीच तर अशी बांधू की ईश्वरप्पाची कौलं तिच्यापुढं गोठ्यासारखी दिसतील. खोलीवर माळवद घालायचं.

शेजारचे रावजी म्हणाले, "अहो, इथं पाऊस चार महिने आडवा येतो."

"आमच्याकडं बी पडतो की पाऊस," रुद्रप्पा म्हणाला. कोकणचा पावसाळा त्यानं जन्मात बघितला नव्हता. तिथली तांबडी माती त्यानं हातात घेऊन टाकून दिली आणि सोलापूरहून माळवदाला लागणाऱ्या पांढऱ्या मातीची पोती मागवली.

खोली झाली, गंगम्मा तिकडं गेली. उरलेला उन्हाळाभर सगळं घर माळवदावर झोपलं, समुद्राचा वारा खात. "त्यांच्या घरात बघण्यासारखं काय असंल तर माझं माळवद," असं रुद्रप्पानं इथं आल्यावर गल्लीभर सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

श्रावणात तो बहिणीला नागपंचमीला माहेरी आणायला गेला. बघतो तर खोलीच्या भिंती उभ्या आणि माळवद आत चिखल होऊन पडलेलं. इजा कुणाला झाली नव्हती. गंगम्माचं अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीजवळ होतं. रुद्रप्पाला कळवू नका, असं तिनंच बजावलं होतं.

त्याला शरम वाटली. पण त्याहून जास्त आनंद झाला. आता अव्वाला परत यावंच लागणार होतं.

"चल घरी," तो म्हणाला. "हितं तुला जागा कुटं हाय?"

"जावई पडवीत झोपतो आन् मला आत झोपवतो," गंगम्मा म्हणाली. "तुझं माळवद पडलं तवा मी वाट बघत बसले, आता कोण काय बोलतंय. कुणी तुला नाव ठेवलं न्हाय, रुद्रा. मी हितंच राहीन."

मेव्हण्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर रुद्रप्पाला सोसल्या असत्या. हा चांगुलपणा त्याला सोसेना. त्या माणसाकडं हेही होतं.

पावसानं उघडीप दिली तसं ईश्वरप्पानं वासे आणले. "पाव्हणं, भिंती चांगल्या हायत की तुमच्या," तो म्हणाला. "वर कौलं घालू."

रुद्रप्पा स्वतः वर चढला. कौल कसं बसवायचं ते रावजी खालून सांगत होते, आणि हा मुकाट ऐकत होता. शेवटचं कौल हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. ते बसलं की त्याच्या घरी यायचं अव्वाला कारणच उरणार नव्हतं.

गंगम्मा वळकटी काखेत घेऊन दारात उभी होती. "रुद्रा, झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि त्यानं कौल बसवलं.