म्हात्रेबाईंनी धरून ठेवलेली जागा

शिवणाच्या पहिल्याच तासाला म्हात्रेबाईंनी आमच्या हाती सुई दिली नाही, स्क्रू ड्रायव्हर दिला. "हं, खोला मशीन," म्हणाल्या. शाळेचं ते एकुलतं एक शिलाई मशीन आम्ही खोलून बाकावर मांडलं आणि परत जोडताना घामाघूम झालो. झबली-टोपडी शिकवायला नेमलेल्या या बाई पोरींना तेलाने काळ्या करून घरी धाडत. एरवी शुद्ध बोलायच्या, पण रंगात आल्या की खाडीकाठची माहेरची बोली तोंडी येई. "मशीनला बाईमानूस कलत नाय गो पोरींनो, त्याला तेल कलतं!"

आमच्या वटार गावच्या मुली शिकल्याच तर मास्तरीण व्हायच्या, नाहीतर बापाच्या वाडीतून उठून नवऱ्याच्या वाडीत केळीला पाणी लावायला जायच्या. बाईंना हे बघवत नसे. जवळच्या गोखिवऱ्यात तेव्हा छोटे कारखाने निघत होते. बाईंनी तिथल्या शेठलोकांचे उंबरठे झिजवले. बहुतेकांनी चहा पाजून, हसून वाटेला लावलं. एक शेठ मात्र कंटाळून हो म्हणाला. दहावीची परीक्षा झाली की दोन मुलींनी सुट्टीभर लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम शिकायचं, जमलं तर नोकरी. बाईंनी विमलला आणि मला निवडलं.

"केस घट्ट बांधायचे, वरून रुमाल," असं त्यांनी दहादा बजावलं होतं. पण विमलच्या आईला राहवलं नाही. लेक पहिल्यांदा कामावर निघाली, तिला बोडक्या डोक्याने कशी पाठवायची? तिने दारातच विमलची लांब वेणी घातली, वर अबोलीचा वळेसर माळला. विमललाही आईचं मन मोडवेना. बाईंची एसटी चुकली, त्या पोचायच्या आत मशीन सुरू झालं. विमल वाकली आणि वेणी फिरत्या लेथमध्ये गेली. मशीन बंद होईस्तोवर डोक्याची एक बाजू सोलून निघाली होती. ती वाचली, पण तिची किंकाळी माझ्या कानांतून गेली नाही.

वडिलांनी मला घरी बसवलं. शेठ म्हणाला, "सुट्टी संपेपर्यंत दुसरी मुलगी आली नाही, तर पुन्हा मुली नकोत." बाई म्हणाल्या, "ती येईल. तोवर मी उभी राहते." आणि खरोखरच पन्नाशीची ती बाई लेथवर जाऊ लागली.

इथे त्यांच्या हातून चूक झाली. आमच्या आयांची भीती जावी म्हणून त्यांनी आपला भरघोस अंबाडा कापून टाकला आणि दारोदार डोकं दाखवत फिरल्या. "बघा, केस गेले तरी डोकं जाग्यावर हाय ना!" लोक हबकले. नवरा धडधाकट असताना सवाष्णीने केस उतरवले! ज्या घरांत निदान ऐकून तरी घेत, तिथेही त्यांना पाहिल्यावर दारं लागू लागली. "ही बया पोरींना असंच करणार," आई म्हणाली आणि घाईघाईने माझं लग्न ठरवलं.

लग्नाला बाई नवऱ्यासोबत आल्या. माझी आत्या हळदीकुंकू लावत बायकांच्या रांगेतून येत होती. बाईंपाशी आली, त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं. बाईंनी पुढे केलेलं कपाळ तसंच राहिलं.

मग त्या उठल्या, अक्षता टाकायच्या निमित्ताने माझ्यापाशी वाकल्या. त्यांच्या बोटांना लेथचं तेल होतं.

"उद्या सुट्टी सरते, उद्याच्यापरत मशीन धरून हाय मी," त्या कुजबुजल्या. "उद्या आलीस तर आलीस. नाय तर शेठ दार लावील, मंग कुनाच पोरीला उघडनार नाय. येशील ना गो?"

माझ्या शेजारी माझा नवरा बसला होता. समोर आई डोळे वटारून उभी होती.

मी मान खाली घातली. नवरीने ती घालायचीच असते, त्यामुळे मांडवात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.