वॉर्ड टूचा फोम

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग सीमेलगतच्या एका हॉस्पिटलात होती. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर होते. आमचे वॉर्ड म्हणजे जहाजावरचे लोखंडी कंटेनर. मे महिन्यात पत्र्याला हात लागला की चटका बसे. नशिराबादच्या मळ्यातल्या माझ्या कंटेनर-घराला फोम नको, छतावर माती हवी, असं मी का म्हणते, हे घराचं काम घेणारे म्हणून तुम्ही फोनवर विचारलंत. म्हणून लिहिते.

हवालदार लोटन पाटील शिंदखेड्याचे. मेडिकल स्टोअरचा कंटेनर त्यांच्या ताब्यात होता. त्यावर त्यांनी आपल्या खानदेशी घरांवरचं धाबं घातलं: फळ्या, काटक्या, वर वीतभर माती. बाजूंना मातीची पोती रचली. आत माठासारखा गारवा.

"वॉर्ड टूलाही घालतो, मॅडम."

"पेशंटवर माती गळेल. वॉर्डला फोमच."

आसपास कोणी नाही असं पाहून ते अहिराणीत म्हणाले, "अक्का, तुमी धाबाखालेच वाढनात ना? कव्हय ताटमा माती पडनी?"

मी हसले आणि फोमच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही केली. उष्णता अडवायला छताला आतून लावलेला पांढरा, गुळगुळीत, पुसता येणारा फोम. मला तो फार आवडला.

पंधरा दिवसांनी, सकाळी 11:40 ला शेलिंग सुरू झालं. तिसरा तोफगोळा स्टोअर आणि वॉर्ड टूच्या मध्ये पडला. स्टोअरकडे उडालेले तुकडे मातीत रुतले. वॉर्ड टूचा पत्रा फाडून एक तापलेला तुकडा फोममध्ये घुसला. मिनिटभरात छत पेटलं आणि जळतं ठिबकू लागलं. काळा धूर. आत दोन पेशंट. दोघांनाही उठता येत नव्हतं.

मी रेडिओ घेतला. "वॉर्ड टू, फायर. स्ट्रेचर पार्टी पाठवा. ओव्हर."

"शेलिंग चालू आहे. वेट. ओव्हर."

लोटन थांबले नाहीत. ओलं ब्लँकेट डोक्यावर घेऊन शिरले. पहिल्याला ओढत आणलं, तेव्हा त्यांच्या पाठीवर शर्ट उरला नव्हता. कातडीही नव्हती.

"दुसरा ट्रॅक्शनमध्ये आहे, पाय दोरीने टांगलेला. कात्री."

मी कात्री दिली आणि दारात उभी राहिले. त्यांनी दोरी कापली, पेशंटला माझ्याकडे ढकललं. मी त्याच्या काखेत हात घालून खेचलं. तेवढ्यात छताचं जळतं अस्तर सबंध लोटनवर कोसळलं. ते ओरडले. मग ओरडणं थांबलं. घड्याळात 11:52.

महिन्याभराने मी शिंदखेड्याला गेले. त्यांच्या पत्नीला, सुमनबाईंना, माती आणि माझी सही, दोन्ही सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"ते दोन्ही वाचनात ना?"

"वाचले."

"मंग चहा ल्या."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

हवालदार लोटन पाटील, वय अडतीस. हे नाव मोठ्याने वाचा.