बीबी बदलायची ठरली तेव्हा

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहा नाकात गेला तर मी जिम्मेदार न्हाई. फजिती झाली माझी, सगळ्या जुन्या जालन्याला माहिती हाय. पण चूक? चूक माझी नव्हती. आजबी मी हेच म्हणतो!

तर मी ती डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायरची, गिअरची. लोकं म्हणले, जालन्यात डोंगर कुठं हाय? मी म्हणलो, आमच्या गल्लीतले खड्डे बघितले का? कापडाच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून पोट एवढं पुढं आल्तं, की गिऱ्हाईक आधी पोटाला रामराम करायचं. काहीतरी करावं लागणार व्हतं का न्हाई?

माझा मेव्हणा प्रल्हाद हसनाबादला राहतो, शेती करतो. रविवारी त्याच्या पोराचं जावळ व्हतं. फोनवर म्हणला, "दाजी, जीप पाठवतो."

"काही गरज न्हाई. मी सायकलवर येतो!"

तिकडं बराच वेळ नुसतं हसणं. मंग म्हणला, "मंग ॲम्ब्युलन्स पाठवतो."

झालं! आता जीव गेला तरी सायकलवरच जायचं.

आन् नेमकी तवाच सायकल बोलायला लागली. पायडल मारलं की कट्. पुन्हा मारलं की कट्-कट्. सायकलवाला रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं पायडल धरून हलवलं आन् मान डोलवली.

"भाई, तेरी बीबी गई."

घाबरू नका. दोन पायडलांच्या मधी, फ्रेमच्या पोटात एक दांडा असतो, त्याला दोन्हीकडं बेअरिंग. त्याच्यावरच पायडलं फिरतात. त्याला म्हणतात बॉटम ब्रॅकेट. एवढं लांब कोण म्हणणार? सायकलवाले म्हणतात बी.बी. आन् रफिकच्या तोंडात त्याची सरळ बीबी व्हते.

"धुतली का रे प्रेशरच्या पाण्यानं?" त्यानं इचारलं.

धुतली व्हती. वॉशिंग सेंटरवर नेऊन चकाचक. त्यानंच बेअरिंगात पाणी गेलं म्हणे. आता स्वच्छता ठेवणं गुन्हा हाय का?

दुसऱ्या दिवशी मी घराच्या ओट्यावर बसून रफिकला फोन लावला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना मामी म्हणतो, जावळाच्या खरेदीसाठी आल्त्या. आत बाजंवर पडल्या व्हत्या. बायको, सुरेखा, बाजारात गेल्ती. रफिकच्या दुकानात हातोडा वाजत व्हता, म्हणून मला वरडून बोलावं लागलं.

"रफिक, ठरलं! बीबी बदलूनच टाकतो!... न्हाई रे, लई कटकट करून राह्यली... ग्रीस-बीस काही नको, आता तिच्यात दम न्हाई... जपानी भेटते का?... जालन्यात न्हाई? मंग संभाजीनगरहून मागव!... महाग असू दे, हौसेला मोल न्हाई... हां, रविवारच्या आत. नवी घेऊनच सासरवाडीला जातो... जुनी? जुनी भंगारात दे!"

तेवढ्यात रफिकनं इचारलं, "दांडा चौकोनी पाहिजे का गोल? न्हाईतर सायकलच घेऊन ये, बघून सांगतो."

मला राग आला. एवढं बी कळत न्हाई का मला? म्हणलो, "गोल! सायकलीत चौकोनी काय असतं का? चाक गोल, घंटी गोल. गोलच मागव!"

घरात आलो तर बाज रिकामी. मामी सैपाकघरात, भिंतीकडं तोंड करून.

संध्याकाळी ताट समोर आलं ते आपटतच. भाकर, आन् वर मीठ. बस! मामी बोलंनात. सुरेखाचे डोळे लाल.

"खरं हाय का?" ती म्हणली. "नवी आणून राह्यले?"

मला वाटलं, सायकलीच्या खर्चावरून चाललंय. म्हणलं आज माघार घ्यायची न्हाई. "हो! बिलकुल आणून राह्यलो!"

"आन् जुनीनं काय वाईट केलं तुमचं?"

"खिळखिळी झाली ती. माझं वजन झेपत न्हाई तिला."

मामींनी पदर तोंडाला लावला.

"आईसमोर बोलायला लाज न्हाई वाटत?"

"लाज कशाची? सगळ्या हसनाबादसमोर बोलतो! माझी हौस हाय!"

सुरेखा उठली, आत गेली, धाडकन दार लावलं. मी एकटाच भाकर-मीठ खात बसलो. एका बेअरिंगसाठी एवढं? तुम्हीच सांगा, कुणाच्या ध्यानात आलं असतं?

रविवारी सकाळी रफिकनं माल हातात दिला, सोबत पाने बी दिले. मी गल्लीत सायकल उलटी केली, पायडलाच्या दांड्या काढल्या आन् आता खोलणार, तेवढ्यात जीप येऊन थांबली. प्रल्हाद आन् त्याचे दोन चुलतभाऊ उतरले. एकेक असा, की दारातून आडवं व्हऊन आत जावं लागंल. प्रल्हादनं बाह्या वर केल्या.

"कुठं हाय ती?"

"कोण?"

"नवी!"

"आत्ताच आली," मी म्हणलो. "पिशवीत हाय."

"पिशवीत?"

"मंग काय डोक्यावर घेऊन नाचू? ही घे, बघ. जपानी हाय."

प्रल्हादनं पिशवीत हात घातला आन् बीबी बाहेर काढली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. "दाजी, हे काय हाय?"

"बीबी! हिच्यासाठीच तर घरात महाभारत चाललंय!"

मंग दारातून सुरेखाचा हसण्याचा आवाज आला. एवढी हसली, की खालीच बसली. चुलतभाऊ एकमेकाला धरून हसले. मामी तेवढ्या हसल्या न्हाईत. त्यांचा माझ्यावर अजून भरोसा नव्हता.

शहाणा माणूस इथंच हात जोडून मोकळा झाला असता. पण मी का हात जोडू? माझं काय चुकलं? म्हणलो, "थांबा सगळे! पाच मिनिटांत नवी बसवतो आन् तुमच्या जीपच्या आधी हसनाबादला पोचतो!"

उजव्या बाजूला पाना लावला. हालंना. पान्याला लोखंडी पाईप जोडला. हालंना. मी म्हणलो, "प्रल्हाद, जोर लाव!" तो लागला, दोन्ही चुलतभाऊ लागले. कर्रर्र आवाज आला. "सुटली, सुटली!" मी वरडलो. अजून जोर लावला. पाना घसरला आन् चौघंबी एकमेकावर!

सुरेखा नवी बीबी हातात घेऊन बघत व्हती. म्हणली, "अहो, ह्याच्यावर बाण हाय. उजवीकडची उलटी फिरते. तुम्ही खोलून न्हाई, कसून राह्यले."

आता सगळ्या जगातले नट डावीकडं फिरवले की सुटतात आन् ह्या एकाच बाजूला उलटं! ही कंपनीवाल्यांची फसवणूक हाय का माझी चूक? मंग उलटं फिरवून बघितलं. पण चार माणसांनी मिळून कसलेलं कोण सोडणार? पान्याचे दातच झिजून गेल्ते.

"दांडी तर बसते का बघा," प्रल्हाद म्हणला.

नव्या बीबीला पायडलाची दांडी लावून बघितली. बीबीचा दांडा गोल. दांडीचं भोक चौकोनी.

मामी पुढं आल्या, त्यांनी दोन्ही वस्तू नीट बघितल्या, आन् त्या फोनच्या दिवसापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सुरेखा, भिऊ नको गं. ह्यांना नवी बसंना आन् जुनी सुटंना. चला जावईबापू, जीपमधी बसा."

बसलो. पण एक सांगून ठेवतो, माझा मी चढून बसलो. कुणी धरून बसवलं न्हाई!